व्यसनमुक्ती केंद्रातला कला-गट : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

पहिली नियोजन बैठक. डॉक्टर, दोन समुपदेशक मॅडम, दादा आणि मी. दादा म्हणजे इथलाच जुना रुग्ण. नशा सोडून बरीच वर्षं झाली, आता केंद्रात कार्यकर्ता आहे. गट १८ ते २५ वयाच्या मुलामुलींचा. आठवड्यातून दोन सत्रं, दीड-दीड तासाची.

डॉक्टरांनी पहिलीच अट घातली की डिटॉक्स, म्हणजे देखरेखीखाली शरीरातून नशा उतरवणं, पूर्ण झाल्याशिवाय गटात कुणी येणार नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तिथे माझ्या ब्रशचं काही काम नाही. हेरॉइन सुटताना अंगदुखी, उलट्या, जुलाब यांचा जोर आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. मोडलेली झोप आणि चिडचिड मात्र पुढे बराच काळ रेंगाळते. मुलं माझ्यासमोर येतील ती त्या अवस्थेत. ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनची तलफ आणि त्रास आवरणारी गोळी) चालू असलेल्यांनाही घ्यायचं. ‘गोळी चालू आहे म्हणजे अजून सुटलेला नाही’ असं गटात कुणी बोलणार नाही, हा नियम डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला.

माझी अट वेळापत्रकाबद्दल होती. त्यात ‘आर्ट थेरपी’ छापलं होतं, ते बदलून ‘कला-गट’ करायला लावलं. मी मातीकाम आणि चित्र शिकवते. उपचाराचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि ते माझ्याकडे नाही. या शाखेतही दोन तट आहेतच. मार्गारेट नॉमबर्ग चित्राकडे मनातलं दडलेलं बाहेर काढण्याचा रस्ता म्हणून पाहायची. ईडिथ क्रेमरचं म्हणणं होतं की घडवण्याच्या कामातच बरं करण्याची ताकद आहे. आम्ही क्रेमरच्या बाजूने. म्हणून चित्राचा अर्थ लावायचा नाही. ‘काळा रंग घेतला म्हणजे नैराश्य’ असली वाक्यं बंद. काळ्याची बाटली जवळ होती म्हणूनही काळा घेतला जातो.

या वहीत नावं लिहायची नाहीत. खुणेपुरतं: खिडकीजवळचा, टोपीवाला, लांब बाह्यांची, सगळ्यात धाकटा. बाकीच्यांच्या खुणा ठरतील तशा.

व्यवस्थापनाला शेवटी प्रदर्शन हवं आहे. त्यावर बैठकीत मी काही बोलले नाही.

७ जानेवारी

आजचा अख्खा दिवस सामान लावण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

विद्रावक असलेलं काहीही आत येणार नाही. तैलरंग नाहीत, कारण त्यामागोमाग टर्पेंटाइन आणि थिनर येतात. स्प्रे पेंट नाही, परमनंट मार्कर नाही, खोडायचं पांढरं द्रव नाही, उग्र वासाचा चिकट गोंद नाही. गटातल्या काहींची सुरुवातच अशा वस्तू हुंगण्यातून झालेली आहे. पाण्यात विरघळणारे रंग, पांढरा गोंद, खडू, कोळसा, माती एवढं पुरे. कात्री-ब्लेडऐवजी कागद हाताने फाडायचा. फाटलेली कड कात्रीच्या कडेपेक्षा देखणी दिसते, हे माझं जुनं मत आहे. इथे ते सोयीचंही ठरलं.

एवढं आमच्या यादीत आधीपासून होतं. देणगीतून आलेली खोकी दादाने उपसली तेव्हा यादीबाहेरच्या वस्तू निघायला लागल्या. चंदेरी फॉइलचा गुंडाळा त्याने उचलला आणि एक शब्द न बोलता दाराबाहेर नेऊन ठेवला. मग स्ट्रॉ, शाईचे थेंब फुंकून झाडं काढायला मुलांना देतात त्या. मग रंग कालवायचे स्टीलचे चमचे. मेणाच्या नक्षीसाठी मेणबत्त्या आणि लायटर. मातीवर पातळ मातीची रेघ ओढायला कुंभारकामात बिनसुईची सिरिंज वापरतात, तीही गेली. शेवटी प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी. तिच्याकडे तो जरा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, ही पांढरी पावडर कुणी टेबलावर सांडली आणि कार्डाने गोळा करायला लागला, तर तुमचा तास तिथेच संपला.”

ही नाजूकपणाची गोष्ट नाही. नशेच्या वेळी हाताशी असलेल्या वस्तू, जागा, वास, आवाज हे सगळं मेंदूत नशेशी जोडलं जातं आणि पुढे ती वस्तू नुसती दिसली तरी तलफ उठते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना घंटा ऐकून लाळ सुटायची, त्यातलंच हे. आयुष्यभर कुणी फॉइलपासून लांब राहू शकणार नाही, ते मान्य. पण पहिल्या महिन्यात ती वस्तू माझ्या टेबलावरून त्यांच्यासमोर यायला नको.

रंगीत मासिकं कोलाजसाठी ठेवली. दारूच्या जाहिराती आणि पार्ट्यांची पानं दादाने आधीच काढली.

१० जानेवारी

पहिलं सत्र. कुणीही काहीही काढलं नाही. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य खोलीभर फिरलं. टोपीवाला डोकं टेबलावर टेकून पडून राहिला.

कोऱ्या कागदाची धास्ती मोठ्यांना असते, यांनाही आहे. त्यात हात थरथरतात. बारीक ब्रश धरला की थरथर कागदावर उमटते आणि आपल्याला काय झालंय हे शेजारच्याला दिसतं. पुढच्या वेळी बारीक ब्रश बाहेर काढायचेच नाहीत. स्पंज, रुंद ब्रश, रोलर, भिंतीवर लावलेले मोठे कागद, उभं राहून खांद्यातून हात फिरवायचा. आणि कागद कोरे द्यायचे नाहीत; मी आधीच त्यांवर वेडेवाकडे फराटे मारून ठेवणार.

१४ जानेवारी

फराट्यांचे कागद चालले. दुसऱ्याने बिघडवलेला कागद पुढे न्यायला कुणाला संकोच वाटला नाही. डाव्या हाताने काढायला सांगितल्यावर शाळेत चित्रकलेत बक्षिसं मिळवलेली एक मुलगी आणि टोपीवाला एका पातळीवर आले. दोघं हसले.

१७ जानेवारी

खिडकीजवळचा चांगलं रंगवत होता. मध्येच ब्रश ठेवून म्हणाला, “ताई, हे करून काही होतच नाही.” म्हणजे काय, असं विचारलं. “काहीच नाही. आत काही हलत नाही.”

संध्याकाळी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, खरं बोलतोय. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नशा करणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन केले, त्यात डोपामाइनचे, म्हणजे सुखाशी जोडलेल्या रसायनाचे, डी-२ ग्राहक (पेशींवरच्या ते झेलणाऱ्या जागा) कमी आढळले. नशा थांबल्यावरही ते कित्येक महिने कमी राहू शकतात. बाहेरून मिळणाऱ्या प्रचंड धक्क्याची सवय झालेल्या मेंदूला साध्या गोष्टी फिक्या लागतात. शिवाय थांबणं, तोलणं, पुढचा विचार करणं यांचा भार मेंदूच्या ज्या पुढच्या भागावर असतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. म्हणजे आमच्या गटात ब्रेक अजून बसायचे आहेत आणि आनंदाची तार सैल पडलेली आहे.

तेव्हा एक ठरवलं. सत्राच्या शेवटी ‘मजा आली का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ज्याला मजा येऊच शकत नाही त्याला तो प्रश्न म्हणजे नापास झाल्याचा शेरा. त्याऐवजी ‘उद्या यात काय करायचं बाकी आहे?’ असं विचारायचं. कला आनंद देते म्हणून ती व्यसनमुक्तीत वापरायची, हे माहितीपत्रकातलं वाक्य मला सुरुवातीच्या आठवड्यांसाठी खोटं वाटतं. त्या काळात कलेचा उपयोग इतकाच की एक काम अर्धवट आहे, ते टेबलावर आहे आणि त्याच्याकडे उद्या परत यायचं आहे.

२४ जानेवारी

माती आली. खोलीतला आवाजच बदलला. माती आपटायची असते, मळायची असते, रागावून मारली तर तिचं काही बिघडत नाही. उलट आतली हवा निघून जाते. बोलायला तयार नसलेली लांब बाह्यांची पाऊण तास माती आपटत होती. बाह्या तिने कोपरापर्यंत सारल्या होत्या. आम्ही कुणी तिकडे पाहिलं नाही.

मातीच्या लांब वळ्या रचून भांडं करायचं. इथे खरी गोम आहे. खालच्या वळ्या जरा सुकून घट्ट झाल्याशिवाय वरच्या चढवल्या तर भांडं बसतं. जोडताना दोन्ही कडांना ओरखडे काढून मध्ये पातळ माती भरावी लागते, नाहीतर सुकताना जोड सुटतो. मग झाकून हळू वाळवायचं. एक बाजू आधी सुकली की तडा जातो. आत ओल राहिली आणि तशीच भट्टीत गेली, तर तिची वाफ होऊन भांडं फुटतं. पहिली भाजणी ९०० ते १००० अंश सेल्सिअसला, ती बाहेरच्या भट्टीत. मातीची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून टेबलं झाडायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसायची.

“म्हणजे आज होणारच नाही?” टोपीवाला.

आज नाही, या आठवड्यातही नाही.

त्याने सगळ्या वळ्या एकदम चढवल्या. भांडं मध्यात वाकलं आणि बसलं. त्याने ते मुठीने चेंदलं, बाहेर गेला, दाराशी उभा राहिला. दादा त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोघं काही बोललेले दिसले नाहीत. थोड्या वेळाने तो आत आला, तोच गोळा पुन्हा मळायला घेतला आणि तीन वळ्यांवर थांबून ओलं फडकं टाकलं.

आज इतर काही नोंदवायचं नाही.

२८ जानेवारी

समुपदेशक मॅडमच्या तासाशी जोड घातली. त्या मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांची पद्धत शिकवतात: तलफ आली की तिच्याशी झुंजायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही, ती चढते, टोक गाठते, उतरते, तेवढा वेळ तिच्यावर स्वार होऊन राहायचं. मुलांना हे तोंडपाठ आहे आणि पटलेलं कुणालाच नाही.

म्हणून लांब कागदाचा गुंडाळा जमिनीवर पसरला. ज्याला तलफ जाणवेल त्याने ब्रश घेऊन कागदाच्या कडेने चालायचं. तलफ वाढली की रेघ वर, कमी झाली की खाली, ब्रश उचलायचा नाही. खिडकीजवळचा पहिला उठला. त्याची रेघ कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेली, तिथे बराच वेळ राहिली, मग खाली यायला लागली. गुंडाळा संपायच्या आत ती जवळजवळ तळाशी होती. ती रेघ आता भिंतीवर आहे. तिच्यावर ‘संपते’ असं कुणीतरी खडूने लिहिलंय.

त्याने विचारलं, “दुसऱ्यांदा येईल तेव्हा?” मॅडम म्हणाल्या, येईल. परत रेघ काढ.

३१ जानेवारी

एक मुलगा डॉक्टरांचा सल्ला डावलून निघून गेला. सज्ञान आहे, अडवता येत नाही. जाताना डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या वडिलांना बसवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: शरीराची सवय गेलेली आहे, पूर्वीचा डोस आता जीव घेऊ शकतो. नालोक्सोन (हेरॉइनसारख्या नशेचा जास्त झालेला डोस उतरवणारं औषध) कधी आणि कसं द्यायचं तेही दाखवलं.

त्याचं भांडं फडताळावर आहे. ते वाळत राहू दे असं ठरलं.

७ फेब्रुवारी

संगीत. यासाठी बाहेरून एक तालवादक सर येतात.

मला वाटलं होतं हा सोपा भाग असेल. मुलांच्या कानात दिवसभर गाणीच असतात. पण ज्या गाण्यांवर नशा केली तीच गाणी कानात आहेत. सरांनी प्रत्येकाला आपली यादी लिहून तिचे तीन भाग पाडायला लावले: ऐकल्यावर हात खिशाकडे जातो अशी, काही होत नाही अशी, आणि शांत करणारी. धाकट्याचा तिसरा भाग रिकामा निघाला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, आश्चर्य वाटलं.

पुरावा कुठे आहे असं व्यवस्थापन विचारतं, म्हणून इथेच लिहून ठेवते. संगीत-उपचार आणि व्यसन यांवरचा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा) २०२२ मध्ये आला. त्यात २१ चाचण्या, जवळपास २००० माणसं. नेहमीच्या उपचारांना संगीत-उपचाराची जोड दिली तर तलफ कमी होण्याची आणि उपचाराची तयारी वाढण्याची शक्यता दिसली. नैराश्य आणि चिंता यांबाबत स्पष्ट फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष प्रशिक्षित संगीत-उपचारकांच्या कामावरचे आहेत. स्पीकरवर गाणी लावण्याला ते लागू करायचे नाहीत.

११ फेब्रुवारी

रॅप लिहायला सुरुवात. पहिल्या दिवशी जे आलं ते सगळं पराक्रमाचं: किती ओढली, कुणाला चुकवलं, कसा सुटलो. यमकं मस्त होती. खोलीतला ताप चढत गेला, पाय हलायला लागले, दोघांचे डोळे चमकले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. जुन्या आठवणींची शेखी मिरवणं ही स्वतःच एक छोटी नशा असते, आणि ती मोठीकडे नेते.

सरसकट बंदी घालावी असं एक मत पुढे आलं. माझं मत विरुद्ध. बंदी घातली की मुलं आमच्यासमोर एक गाणं लिहितील आणि खोलीत जाऊन दुसरं. सरांनी मधला मार्ग काढला, तो मला फार आवडला. मालाचं नाव, प्रमाण, किंमत आणि पद्धत वगळायची, बाकी काहीही लिहा. आणि प्रत्येक कडव्याला ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असं एक कडवं जोडायचंच.

१८ फेब्रुवारी

सकाळची कडवी आली. टोपीवाल्याच्या आठ ओळींत एकही यमक नव्हतं. आईच्या पर्सची चेन, ती उघडताना होणारा आवाज, आणि तो होऊ नये म्हणून चेनला तेल लावलं होतं, एवढंच. ठेक्यात बसत नव्हतं. सरांनी ठेका थांबवला आणि तसंच वाचू दिलं.

२१ फेब्रुवारी

लेखनाचं सत्र. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक प्रसंगांबद्दल लिहिलं होतं. नंतरच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. लिहून झाल्यावर लगेच मात्र त्यांना जास्त वाईट वाटलं होतं, आणि आमच्यासाठी महत्त्वाचं ते हे. कॉलेजातल्या मुलाला एक उदास संध्याकाळ परवडते. आमच्याकडे उदास संध्याकाळीच माणूस दाराकडे बघतो. म्हणून आम्ही जखमेबद्दल लिहायला सांगत नाही. कुणी आपणहून लिहिलं तर ते दुपारच्या आधी आणि मॅडम खोलीत असताना.

आज विषय दिला स्वप्नांचा. गांजा सोडलेल्यांना पहिल्या आठवड्यांत झोप लागत नाही आणि लागली की स्वप्नं विलक्षण ठसठशीत पडतात, त्यामुळे लिहायला विषयांची वानवा नव्हती. आणखी एक गोष्ट बाहेर आली: नशा केल्याचं स्वप्न. जवळजवळ प्रत्येकाला पडलेलं आणि प्रत्येकाने लपवलेलं. जागं झाल्यावर खरंच केली असं वाटून घाम फुटतो, अपराधी वाटतं. दादा म्हणाला, मला अजून पडतं. खोलीत एकदम बोलणं सुरू झालं ते थांबेना. लिहिणं आज कमीच झालं, आणि ते चालण्यासारखं होतं.

५ मार्च

नाटक. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांचं फोरम थिएटर आम्ही वापरतो. एक छोटा प्रसंग वाईट शेवटापर्यंत करून दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून पात्राची जागा घेऊन वेगळं काही करून पाहायचं.

दोन नियम. नशेची वस्तू किंवा ती घेण्याची कृती हातवाऱ्यांनीही दाखवायची नाही. हाताला ती कृती पाठ असते. आणि प्रसंग संपला की पात्र अंगावरून उतरवायचं: आपलं नाव मोठ्याने सांगायचं, खोलीतल्या तीन वस्तूंची नावं घ्यायची, जागा बदलायची. हे केल्याशिवाय कुणी जेवायला जाणार नाही.

प्रसंग त्यांनीच निवडला. केंद्रातून घरी येऊन थोडे दिवस झालेत, जुन्या मित्राचा फोन येतो. मित्र झाला खिडकीजवळचा. त्याचं काम पाहून मी थक्क झाले. तो मालाबद्दल चकार शब्द बोलत नव्हता.

“अरे, फक्त भेटायला ये.”
“नको रे.”
“बरं. म्हणजे आता आम्ही चालत नाही.”
“तसं नाही…”
“नाही नाही, ठीक आहे. तिथे जाऊन आलास, मोठा माणूस झालास. आम्ही काय.”

एकामागून एक सगळे आले. कुणी ओरडलं, कुणी आजारी असल्याची थाप मारली, कुणी मित्रालाच उपदेश केला. खिडकीजवळच्याने प्रत्येकाला गुंडाळलं. उपदेश करणाऱ्याला तर तो म्हणाला, “मलाही सोडायचीय रे, म्हणून तर बोलावतोय.” खोली गप्प झाली.

मग लांब बाह्यांची उठली. “थांबा. हा फोनपासून का सुरू होतो?” तिने प्रसंग मागे नेला. रविवार, दुपारचे तीन, घरातले झोपलेत, करायला काही नाही. मुलगा फोन हातात घेतो आणि ‘सहज’ जुना ग्रुप उघडतो. मित्राला दिसतं की हा ऑनलाइन आहे. “फोन आला नाही,” ती म्हणाली, “त्याने मागवला.”

मार्लाट आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये घसरणीबद्दल लिहिताना वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या छोट्या निर्णयांवर बोट ठेवलं होतं. घसरण त्या निर्णयांपासून सुरू होते आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. मॅडम हे फळ्यावर लिहून शिकवतात. तिने ते न वाचता रंगमंचावर मांडलं. उरलेला वेळ आम्ही फक्त त्या दुपारचे प्रयोग केले, तीन ते साडेतीन. आईला उठवणारा एक, मामाकडे जाणारा एक, झोपून टाकणारा एक. सगळ्यात कठीण कोणतं? काही न करता बसून राहणं. ते कुणालाही दोन मिनिटांपेक्षा जास्त वठवता आलं नाही.

१२ मार्च

कुटुंबभेटीचा दिवस. एका आईने भिंतीवरचं चित्र ओळखलं आणि मोबाइल काढला. मी हात आडवा केला. तिला राग आला. “माझ्या मुलाचं चित्र आहे.” हो, मुलाचं आहे, म्हणून त्याला विचारा, असं सांगितलं. तो नको म्हणाला.

आता प्रदर्शनाचा प्रश्न टाळता येईना, संध्याकाळी बैठक झाली. माझी भूमिका मांडली. बाहेरच्या लोकांसमोर प्रदर्शन केलं की मुलं लोकांना हवं ते काढायला लागतात: तुटलेल्या बेड्या, उगवता सूर्य, कवटी आणि तिच्याशेजारी फूल. देणगीदारांना ते आवडतं. ज्यातून काम झालं ते कागद, म्हणजे बिघडलेले, पुसलेले, फराट्यांचे, ते भिंतीवर लागतच नाहीत. आणि विशीतल्या मुलाचा ‘नशेतून बाहेर आलेला’ म्हणून फोटो इंटरनेटवर गेला की तो तिथेच राहतो. नोकरी देणारा कधीतरी शोधतोच.

विक्रीची कल्पनाही निघाली. त्यावर दादा म्हणाला, हातात अचानक आलेले रोख पैसे हा यांच्यापैकी अर्ध्यांचा सगळ्यात मोठा ट्रिगर आहे. विषय संपला.

तडजोड अशी: खोली एका दुपारी उघडी. ज्याने केलं तोच पाहुणे ठरवेल. नावं नाहीत, फोटो नाहीत, भाषणं नाहीत. घरी न्यायचं, इथे ठेवायचं की मोडून टाकायचं, हे करणाऱ्याने ठरवायचं. मोडून टाकणं हाही पर्याय आहे, हे मी मुद्दाम इतिवृत्तात घालून घेतलं.

२० मार्च

अहवालाचं काम. काय मोजायचं?

अशा प्रकल्पांच्या अहवालांत ‘आत्मविश्वास वाढला’ असं एक वाक्य ठरलेलं असतं. ते नको. मॅडमनी सत्राआधी आणि नंतर तलफेचा आकडा ० ते १० मध्ये लिहून घेतला होता. तो देऊ, पण मुलं आम्हाला खूश करायला कमी आकडा लिहितात हेही सांगू. हजेरी देऊ. सगळ्यात महत्त्वाचं, किती जण उपचारात टिकले ते देऊ, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय औषध-गैरवापर संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ९० दिवसांहून कमी उपचारांचा परिणाम तोकडाच राहतो. कलेमुळे कुणी एखादा आठवडा जास्त थांबला असेल तर माझ्या लेखी तो सगळ्यात ठोस फायदा. तो कलेमुळेच थांबला हे मात्र आम्ही सिद्ध करू शकत नाही. आमच्याकडे तुलनेचा गट नाही.

व्यवस्थापनाने एक कात्रण पाठवलं: ४५ मिनिटं कला केली की ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, कमी होतं. तो २०१६ चा अभ्यास खरा आहे, सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत घट दिसली होती. पण ते ३९ निरोगी प्रौढ होते. अहवालातून काढलं. अमेरिकेतल्या व्यसनोपचार केंद्रांच्या २०१४ च्या एका अभ्यासातला आकडा ठेवला: ३६.८ टक्के केंद्रांत कला-उपचार आणि १४.७ टक्के केंद्रांत संगीत-उपचार वापरला जात होता. वापर बराच आहे, पुरावा अजून पातळ आहे, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

२८ मार्च

खोली उघडी ठेवली. टोपीवाल्याने आईला बोलावलं आणि आठ ओळी वाचून दाखवल्या. ती शेवटी म्हणाली, “चेनचा आवाज येत होता मला.” पुढचं त्या दोघांचं.

धाकट्याने आपली सगळी चित्रं पाण्यात भिजवून लगदा केला. त्याचा नवा कागद करायचा म्हणतोय. जाळी लागेल.

निघून गेलेल्या मुलाच्या वडिलांचा फोन आला होता; त्याला परत दाखल करायचं आहे. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. आधी डिटॉक्स, मग गट.

२ एप्रिल

पुढच्या तुकडीची तयारी. बदल असे: माती पहिल्याच आठवड्यात, चित्रं नंतर. नाटक आत्ता होतं त्याच्या आधी नाही. ‘सकाळचं कडवं’ कायम. तलफेच्या रेघेचा गुंडाळा दर आठवड्याला नवा.

आणि घरी गेलेल्यांसाठी रविवारी दुपारी अडीच ते पाच ही खोली उघडी ठेवायची मागणी केली. कार्यक्रम काही नाही. येऊन आपलं अर्धवट काम पुढे न्यायचं. व्यवस्थापन म्हणालं, रविवारी कर्मचारी नाहीत. दादा म्हणाला, मी येतो. मी एकाआड एक रविवार घेतले. डॉक्टर फोनवर राहतील. किल्ली दोघांकडे, आणि नालोक्सोन कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

मागवायचं: माती, पांढरा गोंद, रुंद ब्रश, कागदाचे गुंडाळे, लगद्यासाठी जाळीच्या चौकटी, फडकी.